मिस्त्रीची फेरी

गाडी दुरुस्त झाली की किल्ली मालकाच्या हातात पडण्याआधी मिस्त्रीने तिला एक फेरी मारून आणायची, हा आमच्या धंद्यातला नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही. माझ्या वडिलांनी तो मला कान धरून शिकवला, आणि गाड्या आपल्या आपण चालायला लागल्या तरी मी तो सोडला नाही. चाक मी खोललंय, तर त्यामागे पहिला जीव माझा बसला पाहिजे, एवढंच त्यामागचं शास्त्र. दर्शनाच्या गाडीच्या बाबतीत तर हा नियम मोडणं मला शक्यच नव्हतं, कारण दर्शना माझी बायको.

हाताने गाडी चालवणारे आता राहिलेत तरी किती? मुंबईहून चिपळूणपर्यंत माणसं गाडीत झोपून येतात, गाडी त्यांना दारात आणून सोडते. पण कुंभार्ली घाटापाशी या सगळ्या हुशार गाड्यांचं शहाणपण संपतं. पावसाळ्यात तिथे धुकं असं उतरतं की कॅमेरे आंधळे होतात. दरडींमुळे रस्त्याची कड रोज बदलते, काल नकाशात असलेला कठडा आज दरीत असतो. तिथे माणसाचाच हात लागतो. त्यासाठी सरकारने वेगळा परवाना काढला, हस्तचालकाचा. आमच्या पंचक्रोशीत तो ज्या मोजक्या लोकांकडे आहे, त्यांत दर्शना उतेकर हे नाव सगळ्यात आधी घेतलं जातं. मी नवरा म्हणून सांगत नाही, कुणालाही विचारा.

ती एका ट्रस्टची रुग्णवाहिका चालवते. कोयनेच्या बाजूच्या वाड्यांतून बाळंतपणात अडलेली बाई असो, छातीत कळ आलेला म्हातारा असो, घाट उतरवून खाली चिपळूणला आणायचा. धुक्यात ड्रोन उडत नाही, दर्शना जाते. मी तिच्या शेजारी बसून तो घाट उतरलोय. समोर पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नसतं आणि ही बाई शांतपणे विचारते, डब्यात काय देऊ उद्या. मी चाक धरलं की मात्र कुठल्याही वळणाच्या आधीच घाबरून गाडी आत घेतो. त्यावरून तिने मला लग्नापासून छळलंय.

ऑगस्टातल्या एका दुपारी ती गाडी घेऊन थेट माझ्या खेर्डीच्या गॅरेजात शिरली.

"मिस्त्री, चाकाचा दिवा लागलाय. आणि सरळ रस्त्यावर एका बाजूचा ब्रेक आपोआप धरतो."

ती मला मिस्त्री म्हणते. नाव घ्यायचं नाही आणि "अहो" म्हणायची लाज वाटते, त्यातून काढलेली ही वाट.

"अँगल सेन्सर गेला," मी म्हणालो.

"अजून बघितलं पण नाय!"

"ऐकलं ना. मिस्त्रीला कान असतात."

"नाक पण असतं ना? मग ते काय जळतंय मागे?"

मागे शेगडीवर ठेवलेला चहा आटून पातेलं करपलं होतं. मला वास आला नव्हता. हल्ली माझं नाक बंदच असायचं, पावसाळ्याची सर्दी.

आता हा सेन्सर म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. स्टिअरिंगच्या चाकामागे दांड्यावर एक कडी बसवलेली असते. चाक किती फिरलं, कुठल्या बाजूला फिरलं, हे ती सतत गाडीला सांगते. गाडी दुसरीकडे हे मोजत असते की आपण खरोखर किती वळतोय. दोन्ही जुळलं तर ठीक. चालक म्हणतो डावीकडे आणि गाडी सरळच घसरतेय, असं दिसलं की गाडी एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून स्वतःला सावरते. म्हणून त्या कडीचं शून्य अचूक लागतं. ते जरा जरी चुकलं, तर सरळ रस्त्यावरही गाडीला वाटतं की चालकाला वळायचंय, आणि ती नको तिथे मदतीला धावते.

त्या वर्षी हस्तचालकांच्या गाड्यांना नव्या जातीची कडी सक्तीची झाली होती. मी ती पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा, खरं सांगतो, थोडा वेळ नुसता बघत बसलो. जुनी कडी चाक फिरलं की बोलायची. ही चाक फिरायच्या आधी बोलते. चाकावर टेकलेला हात वळायचं ठरवतो तेव्हा स्नायूंमध्ये आधी एक बारीक ताण येतो. तो ही कडी ओळखते आणि गाडीला तयार ठेवते. धुक्यात तेवढा निमिषभराचा फरक म्हणजे एक जीव. त्यासाठी तिला आपल्या चालकाचा हात मात्र शिकावा लागतो. प्रत्येकाचा हात वेगळा. निरोगी हातही थरथरतो, सेकंदाला दहाएक वेळा, इतका बारीक की डोळ्यांना दिसत नाही. ती थरथर, ते सावरणं, सगळं मिळून एका माणसाची चाल बनते. पहिल्या सरळ रस्त्यावर चालकाने स्वतः गाडी चालवायची, कडी त्याचा हात शिकते. शिकून झालं की तो आलेख परवान्याच्या वैद्यकीय मंडळाकडे आपोआप जातो. हात ठणठणीत असेल तरच परवाना पुढे चालू.

मी काम मन लावून केलं. पुढची चाकं सरळ केली, बॅटरीची वायर काढून ठेवली, थोडं थांबलो, कारण एअरबॅगमध्ये वीज उरलेली असली तर ती तोंडावर फुटते. मग एअरबॅग काढली, चाक उतरवलं. त्याच्यामागची गुंडाळलेली वायर जागची हलू नये म्हणून चिकटपट्टीने बांधली. ती एक वेढा जरी जास्त फिरली, तर पुढे कधीतरी वळणात तुटते. जुनी कडी काढली, नवी बसवली, खुणेला खूण लावून चाक परत चढवलं. सपाट फरशीवर शून्य लावलं. चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून परत मध्यावर आणलं.

तोवर दर्शना घरी जाऊन आंघोळ उरकून यायची होती. मी सवयीने फेरी मारून आणली. पिंपळीपर्यंतचा सरळ रस्ता, तिथल्या पुलाचं वळण, आणि परत. चाक मधोमध, गाडी सरळ, कुठे खडखड नाही.

मग ती आली. बसण्याआधी तिने चाकाला हात लावून कपाळाला लावला, नेहमीसारखा. मी शेजारी स्कॅनर घेऊन बसलो आणि शिकवणीचं बटण दाबलं. पिंपळी यायच्या कितीतरी आधीच पडद्यावर आलं, शिकून पूर्ण.

"एवढ्यात?" ती म्हणाली.

"नवा माल आहे. हुशार असणार."

दोन खेपा करून ती आली ती धुसफुसतच.

"मिस्त्री, तुमची कडी माझ्याशी भांडते."

"म्हणजे?"

"म्हणजे मी वळायच्या आधीच चाक आत ओढतं. पोफळीच्या वर, घाटाच्या पहिल्याच वळणाला. एखादा घाबरट माणूस शेजारी बसून मनगट धरतोय असं वाटतं."

मी शून्य पुन्हा तपासलं. बरोबर होतं. तिला म्हटलं, जुन्याची सवय आहे, चार दिवसांत जमेल. तिने माझ्याकडे असं बघितलं की दुसरा असता तर गप्प बसला असता. मी मात्र वर आणखी म्हणालो, "कडी चुकत नसते, हात चुकतो."

हे वाक्य मला नंतर फार लागलं.

आठवडाभरात मंडळाचा निरोप तिच्या फोनवर आला. ती गॅरेजच्या बाकावर बसली होती. वाचला, फोन माझ्याकडे दिला आणि स्वतः रस्त्याकडे बघत राहिली. आलेखात डाव्या हाताची थरथर संशयास्पद आढळली आहे. कंपवाताच्या सुरुवातीची शक्यता. तज्ज्ञ डॉक्टरांकडून तपासणी होईपर्यंत हस्तचालकाचा परवाना स्थगित.

कंपवात. तिच्या वडिलांना तोच होता. शेवटची वर्षं त्यांना शर्टाचं बटण लावता येत नव्हतं. कपबशी हातात दिली की ती वाजायची, आणि घरातले सगळे ऐकू येत नसल्यासारखं करायचे. दर्शनाच त्यांना भरवायची. त्यामुळे तिला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

रस्त्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "म्हणून भांडत होती तर कडी. हातच माझा ऐकत नसणार."

"असं काही नसतं."

"तुम्हीच म्हणालात ना, कडी चुकत नाय."

 तिने दोन्ही हात पुढे केले, बोटं पसरली आणि बघत बसली. मला तर ते हात दगडासारखे स्थिर दिसत होते. पण मी कोण? अंशाच्या हजाराव्या भागाएवढी थरथर ओळखणारी वस्तू मी माझ्या हातांनी बसवली होती, आणि तिचं मी तोंड भरून कौतुक केलं होतं.

गाडी गॅरेजात उभी राहिली. ट्रस्टने दुसऱ्या गाडीवर दुसरा चालक पाठवला, त्याने धुकं बघितलं आणि तो पोफळीहूनच मागे फिरला. वरच्या एका वाडीतल्या गरोदर बाईला लोकांनी डोलीतून पायी उतरवलं. ती सुखरूप पोचली, पण ते ऐकल्यावर दर्शना जेवली नाही.

त्या दिवसांत मी एक विचित्र प्रार्थना केली. मी देवाधर्माचा माणूस नाही. तरी गाडीखाली उताणा पडून म्हणालो, बाबा रे, चूक माझी निघू दे. कडी वाकडी बसली असू दे, वायर मी चुकीची जोडलेली असू दे. आयुष्यभर माझ्या कामात कुणी खोट काढली की मी त्याच्या अंगावर गेलोय, आणि आता स्वतःच खोट शोधत होतो. सगळं परत उतरवलं. खूण खुणेला, पट्टी जागच्या जागी, वेढे बरोबर. काम निर्दोष होतं. मला रडू आलं.

डॉक्टर शाहीन परकार आमच्या चिपळूणच्याच, मेंदूच्या तज्ज्ञ. त्यांनी आमच्याशी आधी घाटाच्या गप्पा मारल्या. त्यांच्या आत्याला एकदा दर्शनाने धुक्यातून खाली आणलं होतं, ते त्या विसरल्या नव्हत्या. मग त्यांनी दर्शनाला बोटं आपटायला लावली, चालायला लावलं आणि शेवटी एका बनावट चाकासमोर बसवलं. त्या चाकामागे त्याच जातीची कडी होती.

मी भिंतीला टेकून उभा होतो. दर्शनाने चाकाला हात लावून कपाळाला लावला. बनावट असलं तरी चाकच ते. समोरच्या पडद्यावर सरळ रस्ता पळायला लागला आणि शेजारी तिच्या हाताचा आलेख उमटू लागला. बारीक, एकसारखा.

डॉक्टर बराच वेळ बघत होत्या. मग हसल्या.

"दर्शनाताई, असा हात मी तरण्या पोरांचाही बघितलेला नाही. तुम्हाला काहीही झालेलं नाही."

दर्शनाने चाक सोडलं नाही. तसंच धरून मान खाली घातली, आणि तिचे खांदे हलायला लागले. मी पुढे झालो आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. इतका हलका मी कधी झालो नव्हतो. मनात म्हटलं, म्हणजे कडीच सदोष. कंपनीला असं फैलावर घेतो की जन्मभर आठवण ठेवतील.

"मग तो आलेख कसा आला?" मी जोरात विचारलं. "कडी खराब, दुसरं काय?"

डॉक्टरांनी मंडळाकडून आलेला आलेख पडद्यावर दर्शनाच्या आलेखाखाली लावला. माझ्यासारख्यालाही फरक दिसला. खालच्यात मधूनमधून एक संथ लाट होती, वरच्यापेक्षा निम्म्या वेगाची.

"यंत्र बिघडलं तर ते कसंही बरळतं," त्या म्हणाल्या. "ही लाट सेकंदाला पाचाच्या आसपास आहे. हात नुसता टेकलेला असताना येते, वळताना जाते. असं यंत्र करत नाही. कंपवाताच्या सुरुवातीला माणसाचा हात करतो. कडीने बरोबर वाचलंय. फक्त हा हात यांचा नाही."

 दर्शनाने डोळे पुसले आणि वळून माझ्याकडे बघितलं. माझ्या चेहऱ्याकडे नाही, तिच्या पाठीवरून खाली आलेल्या माझ्या डाव्या हाताकडे.

"मिस्त्री," ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही फेरी मारली होतीत."

तेव्हा सगळं माझ्या लक्षात आलं. कडीला माझ्या बटणाची गरजच नव्हती. शून्य लागलं आणि पहिला सरळ रस्ता मिळाला की ती आपण होऊन शिकते. त्या गाडीच्या नावावर चालक एकच, दर्शना. म्हणजे चाकावरचा पहिला हात तिचाच, असं तिने धरलं. बनवणाऱ्यांनी सगळा विचार केला होता. दुरुस्त केलेल्या गाडीत आधी मिस्त्री जाऊन बसतो, एवढंच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"रुपेशराव, वास येतो का तुम्हाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"सर्दी आहे," मी म्हणालो.

"दोन वर्षं झाली त्या सर्दीला," दर्शना म्हणाली.

मला चालायला लावलं. दाराशी जाऊन परत आलो. माझा उजवा हात चालताना हलत होता आणि डावा नुसता लोंबत होता. मला कधी जाणवलं नव्हतं. दर्शनाला जाणवलं होतं, पण तिला वाटलं होतं, मिस्त्री लोकांची ऐट असेल. मग मी त्या बनावट चाकासमोर बसलो. मला वाटतं मी मुद्दाम घट्ट धरलं होतं.

"नुसते टेकवा हात," डॉक्टर म्हणाल्या.

टेकवले. ती लाट आली.

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. त्या काही लपवून बोलल्या नाहीत, आणि घाबरवलंही नाही. वास जाणं, चालताना एक हात न हलणं, ही सगळी त्याचीच सुरुवात. मेंदूतल्या ज्या पेशी हाताला हुकूम पोचवतात, त्या या आजारात हळूहळू मरतात. पूर्वी डोळ्यांना थरथर दिसेपर्यंत निम्म्याहून जास्त गेलेल्या असायच्या. मग औषध द्यायचं ते फक्त लक्षणावर. आता उरलेल्या पेशींना जपणारी लस निघाली आहे. गेलेल्या पेशी ती परत आणत नाही, पण असलेल्या पुष्कळशा सांभाळते. म्हणून ती जितकी लवकर मिळेल तितकं चांगलं.

"माझ्याकडे लोक कपबशी वाजायला लागल्यावर येतात," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्याच्या किती वर्षं आधी आलात, मला सांगता येणार नाही. मी स्वतः नुसत्या डोळ्यांनी ओळखलं नसतं. या कडीचं आणि तुमच्या त्या फेरीचं नशीब समजा."

दर्शनाच्या वडिलांच्या वेळी हे असतं तर, असं मला वाटलं. तिलाही तेच वाटलं असणार, कारण तिने माझा डावा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि घरी जाईपर्यंत सोडला नाही. मी घाबरलो होतो. घाटात घाबरतो त्याहून कितीतरी जास्त. आणि तरी आत कुठेतरी बरंही वाटत होतं. मी जे मागितलं होतं, ते मला मिळालं होतं.

लस सुरू झाली. मंडळाने दर्शनाचा परवाना खुला केला, अट एकच, कडी पुसून नव्याने शिकवायची. मी पुन्हा फरशीवर शून्य लावलं. चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून मध्यावर आणलं. मग किल्ली काढली आणि गॅरेजच्या दारात उभ्या असलेल्या दर्शनापुढे धरली. फेरी न मारता गाडी द्यायची आयुष्यातली पहिली वेळ. हात पुढे करताना मला स्वतःचीच लाज वाटली.

तिने किल्ली घेतली नाही.

"फेरी?" ती म्हणाली.

"नको आता. परत गोंधळ."

"गोंधळ कशाला? कडीची वायर काढा. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केलीय का? नाय ना? मग काढा वायर आणि आणा फेरी मारून. तुम्ही फिरवल्याशिवाय गाडी मी घाटात नेली नाय कधी."

मी वायर काढली. ती शेजारी बसली. पिंपळीपर्यंत गेलो, पुलाच्या वळणाला नेहमीसारखा जरा आधीच आत घेतला, आणि ती नेहमीसारखी हसली. परत आलो. वायर जोडली, उतरलो, जागा बदलल्या. तिने चाकाला हात लावून कपाळाला लावला आणि गाडी काढली. या वेळी पडद्यावर "शून्यापासून शिकत आहे" असं आलं आणि पिंपळीच्या पुढेपर्यंत तसंच राहिलं. माझ्या बायकोचा हात शिकायला हुशार कडीलासुद्धा वेळ लागला, याचा मला अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी हेळवाकच्या वरून एका अडलेल्या बाईला आणायचं होतं. घाट धुक्याने भरला होता. मी गॅरेजात काम करत होतो, पण कान रस्त्याकडे होते. दुपारनंतर ती आली. मुलगी झाली होती, दोघी बऱ्या होत्या. दर्शना बाकावर बसली, पाणी प्यायली.

"काय म्हणते कडी?" मी विचारलं. "भांडते का?"

"छे. आता एकदम शहाणी झालीय. मी मनात आणते तेवढंच करते."

"मग झालं तर."

तिने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "ते पोफळीच्या वरचं पहिलं वळण आलं ना, तिथे मी वाट बघत होते."

"कशाची?"

"चाक आत ओढायची," ती म्हणाली. "इतके दिवस धुक्यात तुम्ही माझं मनगट धरून होतात, आणि मी भांडत बसले."